रिएलच्या नावाचा रस्ता

कॅनडाच्या नकाशात मधोमध, अमेरिकेच्या सीमेला टेकून, सस्कॅचेवान नावाचा एक प्रांत आहे. त्याच्या चारही सीमा माणसाने नकाशावर आखलेल्या आहेत. एकही नदी, एकही डोंगररांग त्याची हद्द ठरवत नाही. आकाराने तो महाराष्ट्राच्या दुप्पट, पण वस्ती साधारण बारा लाखांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. प्रांताच्या दक्षिण भागात नजर जाईल तिथवर सपाट गवताळ माळ आहे. त्यालाच प्रेअरी म्हणतात. या माळावरून रेजायना या राजधानीपासून निघून सस्कटूनमार्गे प्रिन्स अल्बर्टपर्यंत एक रस्ता जातो. सरकारदरबारी त्याचा क्रमांक ११. लांबी चारशे किलोमीटरला थोडी कमी, म्हणजे मुंबई ते कोल्हापूर एवढी. २००१ साली प्रांतिक सरकारने या रस्त्याला ‘लुई रिएल मार्ग’ असे नाव दिले.

रस्त्याला थोर माणसाचे नाव देणे ही आपल्याला रोजच्या परिचयातली गोष्ट. पण श्रोतेहो, इथे एक विलक्षण योग आहे. हा रस्ता जिथे सुरू होतो त्या रेजायनात १६ नोव्हेंबर १८८५ रोजी लुई रिएलला राजद्रोहाच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. आणि रस्ता जिथे संपत येतो, त्या डक लेक गावाजवळ त्याच वर्षी २६ मार्चला त्याच्या माणसांची आणि सरकारी पोलिसांची पहिली चकमक झाली. ज्याला सरकारने फासावर चढवले, त्याचेच नाव एकशे सोळा वर्षांनी त्याच भूमीवरच्या सरकारी पाट्यांवर लागले. हे कसे घडले, आणि दरम्यानच्या काळात या रस्त्याने कोणाला जोडले, कोणाला वगळले, हे पाहण्यासारखे आहे.

चौकोन आणि पट्ट्या

रस्ता होण्यापूर्वी इथे गाडीवाटा होत्या. रानगव्यांचे प्रचंड कळप, त्यांच्या मागे फिरणारे क्री, डकोटा आदी मूळ रहिवासी आणि मेटी लोक. मेटी म्हणजे फ्रेंच वा स्कॉटिश व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संबंधांतून निर्माण झालेला, स्वतःची भाषा आणि चालीरीती असलेला समाज. त्यांची दोन मोठ्या चाकांची गाडी संपूर्ण लाकडाची असे, लोखंडाचा खिळाही तिला नसे. आसाला वंगण घातले तर माळावरची धूळ त्यात अडकून बसे, म्हणून वंगण नाही. त्यामुळे गाड्यांच्या तांड्याची करकर मैलभरावरून ऐकू येई. आजच्या विनिपेगपासून निघालेली त्यांची मोठी वाट दक्षिण सस्कॅचेवान नदी बातोश इथे नावेने ओलांडून फोर्ट कार्लटनकडे आणि पुढे एडमंटनला जात असे.

कॅनडा सरकारने हा मुलूख ताब्यात घेतला आणि १८७२ साली जमिनीचा कायदा केला. कोणत्याही कुटुंबप्रमुखाला दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळेल. त्याने तीन वर्षे तिथे राहायचे आणि जमीन वहितीखाली आणायची. जमीन वाटायची तर आधी मोजायला हवी. मोजणीदारांनी संपूर्ण प्रेअरीवर चौकोनांची जाळी टाकली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा गटाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, त्याचा चतकोर म्हणजे एका कुटुंबाचे शेत. मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचा चौरस म्हणजे आपला सातबाऱ्यावरचा गुंठा. तिकडची साखळी ६६ फुटांची. या भागात शेतांमध्ये रस्त्यासाठी सोडलेली पट्टीही तेवढ्याच रुंदीची. विमानातून पाहिले तर आजही हा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो.

मेटींची शेते मात्र चौकोनी नव्हती. नदी हाच त्यांचा रस्ता, पाणवठा आणि मासळीचे ठिकाण. म्हणून प्रत्येकाला नदीकाठ मिळावा अशा बेताने त्यांनी जमिनी काठापासून आत लांबच लांब पट्ट्यांत वाटून घेतल्या होत्या. अशी पट्टी चौकोनात बसत नाही. एकाच घराचे अंगण एका चौकोनात, गोठा दुसऱ्यात आणि शेत तिसऱ्यात, असे होऊ लागले. आपल्या वहिवाटीच्या जमिनीची मालकी मान्य करा, असे अर्ज ते ओटावाला पाठवत राहिले आणि उत्तराची वाट पाहत राहिले.

त्यातच १८७० ते १८८० या दशकात रानगवे संपले. १८७६ साली फोर्ट कार्लटन इथे क्री प्रमुखांनी सरकारशी करार क्रमांक सहा केला होता. त्यात उपासमार ओढवल्यास मदतीचे आश्वासन होते. उपासमार आली, मदत पुरेशी आली नाही. १८८४ साली गाब्रिएल द्युमाँ हा शिकाऱ्यांचा पुढारी आणि त्याचे काही सोबती घोड्यांवरून अमेरिकेतल्या मोंटानापर्यंत गेले. तिथे लुई रिएल एका मिशनच्या शाळेत शिक्षक होता. याच रिएलने १८७० साली मॅनिटोबा प्रांताच्या स्थापनेला कारण झालेला लढा दिला होता. संसदेवर तो तीनदा निवडून आला, पण सभागृहात एकदाही बसू शकला नाही. द्युमाँ त्याला घेऊन परत आला.

अठराशे पंच्याऐंशी

१९ मार्च १८८५ रोजी बातोश इथे हंगामी सरकार स्थापन झाले. आठवड्याने डक लेकची चकमक झाली. पोलीस आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक मिळून बारा जण त्यात पडले. पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्या सरकारने फौज पाठवली. पूर्व-पश्चिम रेल्वे तेव्हा पुरती झालेली नव्हती. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला रुळांत अनेक ठिकाणी खंड होता. तिथे सैनिकांना बर्फातून चालत किंवा घसरगाड्यांतून नेले. तरीही काही दिवसांतच फौज प्रेअरीवर पोहोचली. मे महिन्याच्या ९ ते १२ तारखांना बातोशची लढाई झाली. शेवटी बचाव करणाऱ्यांची काडतुसे संपली. रिएल १५ मेला शरण आला, द्युमाँ निसटून अमेरिकेत गेला.

रिएलवरचा खटला रेजायनात चालला. पंच सहा, सगळे इंग्रजी बोलणारे. रिएल दोषी आहे, पण त्याच्यावर दया करावी, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने ती मानली नाही. फाशीच्या नऊ दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. नोव्हेंबरअखेरीस बॅटलफर्ड इथे आणखी आठ मूळ रहिवाशांना एकाच दिवशी फाशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, हे ध्यानात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येतो. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, अर्ज-विनंत्यांचे काय होते याचे दोन वेगळे अनुभव त्या वर्षी सुरू होत होते.

पराभवानंतर एक गोष्ट घडली, तिचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. मूळ रहिवाशांनी आपल्यासाठी राखलेल्या वस्तीबाहेर पडायचे तर सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचा परवाना घ्यायचा, अशी पद्धत सुरू झाली. कुठे जाणार, कशासाठी, किती दिवस, सगळे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असे. संसदेने असा कायदा कधीच केला नव्हता, तरी ही पद्धत कित्येक दशके चालली. गंमत अशी की नेमक्या याच काळात युरोपातून येणाऱ्या परक्यांसाठी वाटा मोकळ्या होत होत्या. मेटींपैकी अनेकांच्या हातून जमिनी गेल्या. शेताला जागा नाही म्हणून त्यांनी चौकोनांमधल्या त्या रस्त्यासाठी सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या घातल्या. लोक त्यांना ‘रस्त्याच्या पट्टीवरचे लोक’ म्हणू लागले.

आगगाडीने वसवलेली गावे

१८९० साली रेजायनाहून प्रिन्स अल्बर्टपर्यंत आगगाडी सुरू झाली. आजचा रस्ता बराचसा या रुळांच्या सोबतीने जातो. आजूबाजूच्या वाटा चौकोनांच्या कडेने सरळ पूर्व-पश्चिम वा उत्तर-दक्षिण जात असताना हा एकटा तिरका का, याचे उत्तर रुळांत आहे. त्यांना जिथे पोहोचायचे होते, ते ठिकाण तिरके होते.

रेल्वे कंपनीला मोबदल्यात जमिनी मिळत. पण रेजायना आणि सस्कटून यांच्यामधली जमीन कोरडी, वसाहतीला नालायक, असे म्हणून कंपनी ती घ्यायलाच तयार नव्हती. १९०२ साली कर्नल डेव्हिडसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या मंडळींनी तीच जमीन लाखो एकरांनी विकत घेतली. अमेरिकेतले सावकार आणि वार्ताहर यांना खास गाडीने आणून ती दाखवली आणि शेतकऱ्यांना विकली. काही वर्षांतच तिथे गहू डोलू लागला. डेव्हिडसन हे गाव आजही आहे, रेजायना आणि सस्कटून यांच्या अगदी मध्यावर. वेशीवर एक भला मोठा कॉफीचा किटलीवजा पुतळा उभा आहे. वाटसरूंनी थांबावे, घोटभर कॉफी घ्यावी, हे सांगणारा.

गावे एकमेकांपासून आठ-दहा मैलांवर का, यालाही कारण आहे. शेतकऱ्याने घोड्यांच्या गाडीत गहू भरून स्टेशनावर न्यायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे, तर अंतर तेवढेच हवे. वाफेच्या इंजिनालाही ठरावीक टप्प्यांवर पाणी लागे. म्हणून चेंबरलेन, एल्सबरी, क्रेक, गर्विन, डेव्हिडसन, ब्लॅडवर्थ, केनॅस्टन, हॅन्ली अशी गावांची माळच तयार झाली. प्रत्येक गावाला रुळाकडेला धान्याची उंच लाकडी कोठारे. त्यांना तिकडे एलिव्हेटर म्हणतात. सपाट माळावर मैलांवरून तीच आधी दिसत, आपल्याकडे लांबून देवळाचे शिखर दिसावे तशी.

उत्तरेकडच्या टप्प्यात वेगळी माणसे आली. १८९५ साली हेग आणि ऑस्लर गावांच्या परिसरात मेनोनाइट पंथाच्या लोकांसाठी जमीन राखली गेली. शस्त्र हाती न धरणारा, जर्मन बोलणारा हा शेतकरी समाज. पुढे सरकारने मुलांना इंग्रजी शाळांत घालण्याची सक्ती केली, तेव्हा त्यांतले कित्येकजण उभी शेते सोडून मेक्सिकोला निघून गेले. आणि साधारण त्याच सुमारास, १९२३ साली, रशियातल्या क्रांतीने पोळलेले दुसरे मेनोनाइट आगगाडीने रॉस्थर्नला उतरले. एकाच स्टेशनाच्या आसपास एकाच पंथाचे लोक कोणी निघत होते, कोणी पोहोचत होते.

याच रॉस्थर्नजवळ सीगर व्हीलर हा शेतकरी राही. इंग्लंडमधल्या एका बेटावरून आलेला, शेतीचे रीतसर शिक्षण नसलेला. ओटावात चार्ल्स साँडर्स यांनी तयार केलेला मार्क्विस जातीचा गहू त्याने निवडून निवडून पेरला. हा गहू जुन्या जातीपेक्षा काही दिवस आधी पिकतो. जिथे सप्टेंबरात दहिवर पडून पीक हातचे जाते, तिथे हे थोडे दिवस म्हणजे घर तरणे किंवा बुडणे. १९११ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात व्हीलरच्या गव्हाला पहिले बक्षीस मिळाले, एक हजार डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. नंतरही त्याने जागतिक बक्षिसे जिंकली.

१९०५ साली प्रांत झाल्यावर वाटणी झाली. रेजायनाला विधिमंडळ, सस्कटूनला विद्यापीठ, आणि प्रिन्स अल्बर्टला केंद्रीय तुरुंग. तिन्ही एकाच रस्त्यावर. प्रिन्स अल्बर्टकर गमतीने ही वाटणी पाहुण्यांना सांगतात. पण त्यांना मिरवायला दुसरेही काही आहे. मॅकेंझी किंग आणि जॉन डीफेनबेकर हे दोघे पंतप्रधान या गावाचे खासदार होते.

डक लेकच्या आठवणी मात्र इतक्या हलक्या नाहीत. तिथे १८९४ साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सेंट मायकेल ही निवासी शाळा निघाली. मुलांना आईबापांपासून दूर ठेवायचे आणि त्यांची भाषा विसरायला लावायची, हा अशा शाळांचा हेतू. ती १९९६ साली बंद झाली. शेवटची काही वर्षे मूळ रहिवाशांनीच ती चालवली होती. देशभरच्या अशा शाळांबद्दल पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली, आणि सत्यशोधन आयोगाचा अहवाल २०१५ साली आला.

शेवटची बस

मोटारी आल्या, रस्ता डांबरी झाला, पुढे दुपदरीचा चौपदरी झाला. रस्ता सुधारला की गावे भरभराटीला येतात, असे आपण धरून चालतो. इथे अनेक गावांचे उलट झाले. आठ मैलांवर दुकान हवे ते घोड्याच्या काळात. मोटारीला ऐंशी मैलही जवळ. लोक खरेदीला सस्कटूनला जाऊ लागले, मग मुले शिकायला गेली, मग तरुण नोकरीला. १८९७ पासून चालत आलेली धान्याच्या रेल्वेभाड्यातली सवलत १९९५ साली संपली. लहान फाट्यांचे रूळ उखडले गेले. एकेका गावची लाकडी कोठारे पाडून दूरदूरवर काँक्रीटची प्रचंड गोदामे उभी राहिली. एके काळी प्रेअरी प्रांतांत अशी पाच हजारांवर कोठारे होती, त्यांतली आता काही शेकडाच उरली आहेत. गर्विनने २००५ साली गाव म्हणून असलेला आपला दर्जा सोडला. कर गोळा करायला आणि पंचायत चालवायला पुरेशी माणसेच नव्हती.

तरीही या माणसांना एक आधार होता. १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या पक्षाचे सरकार आले. पुढे ज्याने साऱ्या कॅनडाला सार्वजनिक आरोग्य विम्याची वाट दाखवली, तेच हे सरकार. त्याने १९४६ साली सरकारी बस कंपनी काढली. आपली एसटी पुण्याहून नगरला पहिल्यांदा धावली १ जून १९४८ रोजी, म्हणजे ही कंपनी तिच्याहून थोडी वडील. विचारही तोच. नफ्याचा मार्ग तोट्याच्या मार्गाला पोसेल आणि आडगावच्या म्हातारीलाही तालुक्याचा दवाखाना गाठता येईल. बसमधून माणसेच जात असे नाही. औषधे, ट्रॅक्टरचे सुटे भाग, वाचनालयाची पुस्तके, सगळे तिच्या पोटात. सुमारे अडीचशे गावे तिने जोडली होती.

मार्च २०१७ मध्ये अर्थसंकल्प मांडताना सरकारने ही कंपनी बंद करण्याचे जाहीर केले. उतारू घटले, तोटा वाढला, असे कारण. आकडे खोटे नव्हते. पण ज्यांनी आवाज उठवला तेही खोटे नव्हते. कर्करोगाच्या उपचारासाठी सस्कटूनला वा रेजायनाला जाणारे रोगी, गाडी चालवू न शकणारी वृद्ध माणसे, मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरातून निघू पाहणाऱ्या बायका, राखीव वस्त्यांवरचे मूळ रहिवासी. ३१ मे २०१७ रोजी शेवटची बस धावली. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंड कंपनीनेही पश्चिम कॅनडातून आपल्या बस काढून घेतल्या. मोठ्या शहरांदरम्यान खासगी बस आल्या. पण मोठी शहरे जोडणे कधीच अवघड नव्हते, प्रश्न फाट्यावरच्या गावांचा होता. एकोणिसाव्या शतकात परवान्याची चिठ्ठी नव्हती म्हणून जाता येत नव्हते. आता मोटार नाही म्हणून जाता येत नाही. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे खरेच. पण घरी बसणाऱ्या माणसांत पुष्कळदा त्याच कुळांची नावे सापडतात.

हा सगळा इतिहास आपल्यापासून फार दूरचा वाटेल. तर आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगतो. सस्कटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड या शास्त्रज्ञाने मसुराचे एक वाण तयार केले. १९७८ साली ते प्रसारित झाले. त्याचे नाव लेअर्ड, आणि याच नावाचे एक गाव रॉस्थर्नजवळ आहे. मुख्यतः गहू पिकवणारा हा प्रांत त्यानंतर जगातला मसूर आणि वाटाण्याचा मोठा निर्यातदार झाला. आपल्या बाजारात आलेली कितीतरी मसूर आणि उसळीचा, रगड्याचा वाळलेला वाटाणा याच माळावरून आला आहे. २०१७ च्या अखेरीस भारताने आपल्या शेतकऱ्यांच्या भावासाठी वाटाण्यावर पन्नास टक्के आणि मसुरावर तीस टक्के आयात शुल्क बसवले, तेव्हा सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांना पुढच्या हंगामाच्या पेरणीचा नव्याने विचार करावा लागला. ज्या वर्षी त्यांची बस गेली, त्याच वर्षी दिल्लीतल्या एका अधिसूचनेने त्यांच्या शेताचा हिशेब बदलला.

आता रिएलच्या नावाकडे वळू. ते सहज लागलेले नाही. मेटी लोकांनी शंभर वर्षे आपल्या आठवणी घरात जपल्या, मग संघटना बांधल्या. १९८२ च्या राज्यघटनेत मेटींना मूळ रहिवासी म्हणून मान्यता मिळाली. १९९२ साली संसदेने रिएल हा मॅनिटोबाचा संस्थापक असल्याचा ठराव केला. त्यानंतर २००१ साली या पाट्या लागल्या. पाटीने जमीन परत मिळत नाही, हे मेटींना कोणी सांगायला नको. पण आपल्याला बंडखोर म्हणणाऱ्यांना रोज आपल्या पुढाऱ्याचे नाव वाचत जावे लागते, यालाही अर्थ आहे.

बातोश मात्र या रस्त्यावर नाही. रॉस्थर्नपाशी ११ क्रमांक सोडून पूर्वेला वळावे लागते. वाटेत नदी लागते. तिथे पूर्वी गाब्रिएल द्युमाँची नाव चाले, आज पूल आहे आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुढे नदीकाठी चर्च, दफनभूमी आणि लढाईच्या वेळी खणलेले खड्डे जपून ठेवलेले आहेत. दर जुलैत तिथे मेटी लोक देशभरातून जमतात, सारंगी-व्हायोलिनच्या तालावर नाचतात, जुन्या गाड्यांच्या शर्यती लावतात. तिथे पोहोचायला बस नाही. लोक एकमेकांच्या मोटारीत जागा करून घेतात, आणि ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना आधी विचारून ठेवतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)